आनाक्लेतुचे मत

“मास्तर, ‘आ’ची नावं परत एकदा वाचा बरं. मघाशी घाईत होतात तुम्ही.”

नगरपालिकेच्या दारावर नवी मतदारयादी चिकटवली होती आणि तिच्यासमोर मी आणि आनाक्लेतु उभे होतो. ऑगस्टचे ऊन पाठ भाजून काढत होते. मी काही घाईत नव्हतो, तरी पुन्हा एकेका नावावर बोट ठेवून वाचले. आबेल. आबीलियु, तो मीच. आदेलिनु. आल्बानु. आमेरिकु. आनिबाल.

“थांबा, थांबा. आमेरिकु आणि आनिबालच्या मध्ये मी होतो. मागच्या वेळी तुम्हीच वाचून दाखवलं होतंत.”

“काका, कायदा बदललाय.”

“मग चांगलंच झालं की! कायदे बदलायलाच तर निघालो होतो आपण.”

“तसं नाही. आता ज्याला लिहिता-वाचता येतं त्यालाच मत. घरातल्या कर्त्या पुरुषाला अडाणी असला तरी मत होतं ना, ते काढून टाकलं.”

तो यादीकडे बघत राहिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता; त्याला तिथे एक पांढरा चौकोन दिसत असेल, फार तर. मग माझ्या कानाशी येऊन त्याने हळूच विचारले, “म्हणजे राजा परत आला की काय?”

“नाही हो. हे आपल्याच लोकांनी केलंय.”

“मग चुकून झालं असेल,” आनाक्लेतु म्हणाला.

आमच्या बार्काव्हेला गावात बुचाचे कारखाने चार. त्यांतल्या सर्वांत मोठ्या कारखान्यात आनाक्लेतु वयाच्या दहाव्या वर्षापासून बाटल्यांची बुचे कापत होता. रुंद पात्याची सुरी आणि डाव्या हातात बुचाच्या झाडाच्या सालीचा तुकडा. असे त्रेपन्न वर्षे चालले होते. उजव्या हाताचा अंगठा सुरीच्या मुठीभोवती वळून तसाच राहिला होता. पावाचा तुकडा उचलतानाही तो सरळ होत नसे. बुचाच्या पिठासारख्या धुळीने त्याचा आवाज बसलेला असे. याव्यतिरिक्त त्याच्यात लक्षात राहण्यासारखे काही नव्हते. मूल नव्हते. बायको फेलिस्मिना मासे खारवण्याच्या शेडमध्ये कामाला जाई.

मी गावचा शाळामास्तर, नाव आबीलियु. राजाच्या काळात दुपारच्या सुट्टीत मी कारखान्यात जाऊन कामगारांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. उघडपणे सरकारी पत्र, आणि मुकादम जेवायला गेला की त्याच्या आत घडी घालून ठेवलेले आमचे पत्र. आनाक्लेतु सगळ्यात पुढे, सालींच्या गठ्ठ्यावर बसे. एकदा ऐकलेले तो विसरत नसे. पुढच्या आठवड्यात मी काही गाळले तर म्हणे, “मास्तर, परवा त्यांनी असं लिहिलं होतं, आज तसं लिहितायत. हे कसं काय?” शाळाखात्याच्या इन्स्पेक्टरपुढे मी कधी घाबरलो नाही, पण या माणसापुढे वाचताना मला घरी एकदा वाचून यावे लागे.

आमच्या त्या पत्रात डॉक्टर ऑर्नेलास लिहीत. लिस्बनचे नामांकित डॉक्टर, फ्रान्सात शिकून आलेले, लेखणीचे तर बादशहाच. राजाविरुद्धचा पहिला उठाव फसला तेव्हा पोलीस त्यांच्या मागावर होते. आमच्या प्रजासत्ताकवादी पक्षाने त्यांना नदीपार आमच्याकडे धाडले आणि मी त्यांना आनाक्लेतुच्या घरी नेऊन पोचवले. माझ्या घरी का नाही ठेवले? माझ्या घराची झडती होणारच होती, हे एक कारण. दुसरे असे की मी भ्यालो. फेलिस्मिनाने त्यांना अकरा दिवस आतल्या खोलीत ठेवले आणि दारावर चुन्याची फुली मारून शेजाऱ्यांना सांगितले, “माझा भाऊ आलाय, देवी निघाल्यात त्याला.” पोलीस उंबऱ्यावरूनच परत गेले. नंतर कुणीतरी चहाडी केली आणि आनाक्लेतु तीन आठवडे कोठडीत राहून आला. आला तेव्हा मागच्या दाढा नव्हत्या. कुठे गेल्या, असे विचारल्यावर म्हणाला, “जुन्याच होत्या.”

दोन वर्षांनी लिस्बनमध्ये तोफा धडाडल्या, राजा पळाला. आमच्या गावाने तर राजधानीच्या एक दिवस आधीच प्रजासत्ताकाचा लाल-हिरवा झेंडा चढवला. नगरपालिकेच्या छपरावर झेंडा घेऊन चढला तो आनाक्लेतु. मी खाली शिडी धरून भाषण करत होतो. आमचा मुकादम गुदिन्यु तेव्हा दारूच्या पिंपांमागे लपला होता. तिसऱ्या दिवशी तो कोटावर लाल-हिरवी फीत लावून चौकात आला. त्याला लिहिता-वाचता येत होते. नव्या यादीत त्याचे नाव होते.

पुढच्या मे महिन्यात आनाक्लेतुने मत दिले. लग्नातला कोट घालून आला होता. चिठ्ठी पेटीत टाकल्यावर खाली वाकून फटीतून आत पाहिले. लोक हसले तर म्हणाला, “पडली की नाही बघतोय. काय भरवसा?”

तर यादी वाचून झाल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. फेलिस्मिना मिठाचे हात धूत होती. तिला सगळे सांगितले.

“अकरा दिवस माझ्या घरचं सूप प्यायला तो डॉक्टर,” ती म्हणाली, “तेव्हा विचारलं का त्यानं, तुम्हाला वाचता येतं का म्हणून?”

“त्यांना ठाऊक नसेल गं,” आनाक्लेतु म्हणाला. “एवढी मोठी संसद. कुणीतरी कागद पुढे केला असेल, यांनी हात वर केला असेल. सांगितलं की दुरुस्त करतील.”

“जा मग सांगायला. कोट इस्त्री करून देते.”

डॉक्टर ऑर्नेलास आता आमच्याच भागाचे खासदार होते. रविवार सोडून आम्ही गुरुवारी बोटीने नदी ओलांडली, कारण त्या दिवशी ते संसदेत भेटतात असे मला कळले होते. संसदेच्या दगडी पायऱ्या आनाक्लेतु माझ्या दंडाला धरून चढला. दोन तास बसलो. मग ते आले, आणि खरेच सांगतो, त्यांनी आनाक्लेतुला बघताच हातातली कागदांची चळत शिपायाकडे दिली आणि त्याला मिठी मारली.

“काका! काकू कशा आहेत? तसं सूप मला पुन्हा कुठं मिळालं नाही बघा.”

आनाक्लेतुचा चेहरा उजळला. त्याने घरून पाठ करून आणलेले सांगितले: कायद्यात अशी अशी चूक झालीय, आपल्या कानावर घालावी म्हणून आलो.

डॉक्टर खाली बसले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

“चूक नाही झाली, काका. मी स्वतः त्या कायद्याच्या बाजूनं बोललो. जड अंतःकरणानं बोललो. उत्तरेत गावंच्या गावं पाद्र्याच्या मागून मत द्यायला जातात. तो सांगेल ती चिठ्ठी टाकतात. उद्या तीच माणसं राजाला परत आणतील. प्रजासत्ताक अजून पाळण्यात आहे. ते कुणाच्याही हाती कसं देणार?”

“उत्तरेत पाद्री आहेत,” मी म्हणालो. “पण आपल्याकडे, दक्षिणेत?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. “आपल्याकडे संपवाले आहेत, मास्तर. गेल्या वर्षी बुचाच्या कारखान्यांत काय झालं ते तुम्ही पाहिलंत.”

पाहिले होते. प्रजासत्ताकाच्या घोडेस्वारांनी संपवाल्यांना नदीच्या चिखलापर्यंत पिटाळले होते. आनाक्लेतु त्या चिखलात उभा होता.

“मग आपल्यामागं आहे तरी कोण, डॉक्टर?”

“शिकलेली पिढी. अजून यायचीय ती. आणि तिला घडवतंय कोण? तुम्ही! तुमच्यासारखे मास्तर.”

खोटे कशाला सांगू, त्या क्षणी मला ते ऐकून बरे वाटले.

आनाक्लेतुने मोकळ्या हाताने कोटाची गुंडी चाचपली. मग म्हणाला, “म्हणजे हे माझ्याबद्दल नाहीये.”

“मुळीच नाही, काका! तुमच्याबद्दल कसं असेल?”

“पण नाव तर माझंच गेलं.”

डॉक्टरांचे डोळे भरून आले. ते ढोंग नव्हते. ढोंग असते तर मला त्यांचा राग करता आला असता. ते म्हणाले, “शिका ना, काका. नाव घालायला ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे. स्वतःच्या हातानं अर्ज लिहा, मास्तर शिकवतील. तुमच्यासारख्यानं अक्षर गिरवलं तर देशाला केवढा धडा मिळेल!” तेवढ्यात घंटा वाजली आणि ते आत गेले.

बोटीत आनाक्लेतु म्हणाला, “चांगला माणूस आहे. थकलाय.” मग थोड्या वेळाने, “अर्ज केवढा असतो हो?”

“तीन ओळींचा.”

“तीन ओळी म्हणजे काय विशेष नाही.”

रोज कारखाना सुटल्यावर तो शाळेत येऊ लागला. बाक लहान पडत म्हणून माझ्या मेजापाशी उभा राहून गिरवी. पेन्सिल सुरीसारखी मुठीत धरी आणि कागद फाडी. डोळ्यांना अक्षर दिसावे म्हणून मी फळ्यावर वितभर उंचीचे काढत असे. तो फळ्याला नाक लावून एकेक वळण बोटाने चाचपून घेई आणि हाताला खडू लागला की कोटाला पुसे.

“आमच्या म्हाताऱ्याला शाळेत घातलंत, आता डबा कोण देणार?” फेलिस्मिना चिडवी. पण घरी चुलीपुढच्या राखेत त्याला गिरवायला तीच बसवी.

महिनाभरात माझ्या लक्षात आले की तो वाचायला कधीच शिकणार नाही. अक्षरे त्याला दिसतच नव्हती. पण त्याने दुसरेच काही केले. तीन ओळींचा तो अर्ज त्याने चित्रासारखा पाठ केला. कुठे काठी, कुठे गोल, कुठे शेपूट, किती बोटे जागा सोडायची, सगळे. शेवटच्या आठवड्यात त्याने माझ्यासमोर अख्खा अर्ज लिहून काढला. एकही चूक नव्हती. मी त्याला शाबासकी दिली आणि वाचण्याचा विषय काढला नाही. मला वाटले, कायदा लिहिलेलेच मागतो ना?

नावे घालण्याच्या दिवशी नगरपालिकेत समिती बसली होती. अध्यक्ष म्हणून गावातले औषधाचे दुकानदार सेनियोर बार्रेतु, शेजारी कारकून, आणि अर्जदारांच्या साक्षरतेची खात्री द्यायला मी. गुदिन्यु मुकादम पक्षातर्फे हरकती घ्यायला बाजूच्या खुर्चीवर होता.

आनाक्लेतुने अर्ज लिहायला वीस मिनिटे घेतली. खोलीत फक्त टाकाची कुरकुर ऐकू येत होती. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून कागदावर पडू नये म्हणून तो मान तिरकी धरून लिहीत होता. बार्रेतुंनी कागद उचलून पाहिला आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

“वा! आनाक्लेतु, झकास!”

“लिहिलं खरं,” गुदिन्यु म्हणाला. “कायद्यात लिहिता आणि वाचता असं आहे. वाचायला सांगा.” त्याने आपल्या समोरचे वर्तमानपत्र पुढे सरकवले.

बार्रेतुंनी नाइलाजाने मान हलवली. आनाक्लेतुने पत्र हातात घेतले. कागदावरून हात फिरवला, डोळ्यांपासून योग्य तेवढे दूर धरले, घसा खाकरला आणि वाचू लागला.

“‘ज्या राजानं तुमच्या गावाला शाळा दिली नाही, तोच राजा आज म्हणतो, तुम्ही अडाणी आहात, तुम्हाला मत कसं द्यायचं? चोरानं माणसाला लुटावं आणि वर दरिद्री म्हणून हिणवावं, तशी ही गोष्ट आहे. बंधूंनो, मत हे शिकल्याचं बक्षीस नव्हे. ज्याच्या घामावर राज्य चालतं त्याचा तो…’”

एक शब्द अडला नाही. डॉक्टर ऑर्नेलासांचा सहा वर्षांपूर्वीचा लेख होता तो. मीच कारखान्यात वाचून दाखवला होता. बार्रेतुंनी तर तो अंक औषधाच्या पुड्यांत गुंडाळून विकला होता. त्यांनी मान खाली घातली. कारकून टाक धरून तसाच बसला. आनाक्लेतु शेवटापर्यंत गेला, लेखाखालचे नावही त्याने वाचले, आणि पत्राची नीट घडी घालून मेजावर ठेवली.

“त्या पानावर साबणाची जाहिरात आहे,” गुदिन्यु म्हणाला. तोही हसला नाही.

बार्रेतु माझ्याकडे वळले. “मास्तर, तुम्ही सांगा. यांना वाचता येतं का?”

होय म्हणायला किती वेळ लागतो? मी आनाक्लेतुकडे पाहिले. तो माझ्या दिशेने पाहत होता, पण त्याला माझा चेहरा दिसत नव्हता.

“त्यांना वाचता येत नाही,” मी म्हणालो. “पण…”

कारकुनाने पहिले वाक्य लिहून घेतले. माझे ‘पण’ लिहायला त्याच्या तक्त्यात रकाना नव्हता.

त्या दिवशी मी सचोटीने वागलो असे मला कित्येक महिने वाटत होते. पुढे पुढे वाटेनासे झाले. त्या क्षणी माझ्या मनात सचोटी होती, की गुदिन्यु वर कळवील, इन्स्पेक्टर चौकशी करील, ही भीती होती, हे मला आजही सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर आनाक्लेतुच मला म्हणाला, “बरं केलंत, मास्तर. तिथं खोटं बोलला असतात तर उद्या मुलांना काय तोंड दाखवलं असतंत?” त्याने शिवी दिली असती तर मी ती घरी घेऊन गेलो असतो. हे वाक्य कुठे ठेवावे ते मला कळेना.

नोव्हेंबरात निवडणूक झाली. यादी इतकी लहान झाली होती की दुपारी बारालाच आमचे काम आटोपले. डॉक्टरांचा पक्ष जिंकला. मी कारखान्यात वाचायला जातच राहिलो. आनाक्लेतुही येऊन बसे, पण मागे, भिंतीशी. प्रश्न विचारीत नसे. एकदा मीच मुद्दाम दोन ओळी गाळल्या आणि थांबून पाहिले. “वाचा की,” तो म्हणाला, “ऐकतोय मी.”

मग युद्ध आले. पाव महागला, मग मिळेनासा झाला. आमची मुले फ्रान्सच्या खंदकांत गेली. संसदेत डॉक्टर सुंदर भाषणे करत होते आणि मी ती वाचून दाखवत होतो. एकोणीसशे सतराच्या डिसेंबरात लिस्बनमध्ये पुन्हा तोफा वाजल्या. एका मेजरने सत्ता घेतली आणि संसदेला कुलूप ठोकले. डॉक्टर ऑर्नेलास सीमा ओलांडून स्पेनमध्ये गेल्याचे कळले. या खेपेला कुणी रस्त्यावर आले नाही. मी चौकात जाऊन उभा राहिलो होतो. भाषण तयार होते. चौकात कबुतरे होती आणि पावाच्या दुकानापुढे बायकांची रांग होती. एकीनेही वळून पाहिले नाही.

वसंतात त्या मेजरने फर्मान काढले: एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत, लिहिता येवो न येवो. त्याला स्वतःलाच देशाचा अध्यक्ष म्हणून निवडून यायचे होते आणि उमेदवारही तो एकटाच होता. दारावर लांबलचक यादी लागली. आमेरिकु, आनाक्लेतु, आनिबाल. लिस्बनमधून आमच्या पक्षाची लपतछपत चिठ्ठी आली: मतदानावर बहिष्कार टाका, अडाणी लोकांना समजावा.

म्हणून मी समजवायला गेलो. आनाक्लेतु आता कामावर जात नव्हता. डोळे पार गेले होते. अंगणात बसून तो चाचपून चाचपून वाटाणे सोलत होता.

“काका, या मतदानाला जाऊ नका. हा फार्स आहे. ज्यानं संसदेला कुलूप घातलं…”

“मास्तर,” तो म्हणाला, “कुलूप लागलं तेव्हा मी बाहेरच होतो.”

“तो तुम्हाला वापरून घेतोय. उद्या गरज सरली की…”

“ठाऊक आहे मला. तुम्ही इतकी वर्षं वाचून दाखवलंत, तेवढंही कळणार नाही होय?” त्याने शेंग फोडली. “तो मेजर काही आपला नाही. त्याच्याबरोबर पाद्री आहे, गुदिन्यु पण आहे. सगळं आहे. पण मास्तर, डॉक्टरांचं राज्य होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुला देता येणार नाही. आज आलात तर म्हणताय, देऊ नको.”

घरात फेलिस्मिना भांडी आपटत होती. आतूनच ओरडली, “मास्तरांना वाटाण्याचं सूप द्यायचं का, विचारा!” मी नको म्हणालो आणि उठलो.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मतदान झाले. बहिष्कार पाळणारे आम्ही सातजण चौकाच्या पलीकडे, सावलीत उभे होतो: बार्रेतु, मी, टपालमास्तर, आणखी चौघे. सगळे लिहिता-वाचता येणारे. रांग नगरपालिकेच्या दारातून निघून चर्चपर्यंत गेली होती. त्या दारातून इतकी माणसे आत जाताना मी प्रजासत्ताकाच्या साऱ्या वर्षांत पाहिली नव्हती.

दहाच्या सुमारास आनाक्लेतु आला. फेलिस्मिनाने त्याला कोपराला धरून आणले होते. रांगेतल्यांनी त्यांना पुढे जाऊ दिले. दारात शिपायाने हात आडवा केला. बायकांना आत जायला मनाई होती. फेलिस्मिनाने काही वाद घातला नाही. तिने नवऱ्याची टोपी काढून आपल्याकडे घेतली, त्याचे केस हाताने बसवले आणि त्याचे खांदे मेजाच्या दिशेने वळवून त्याला सोडले.

आतून कारकुनाने मोठ्याने पुकारले, “आनाक्लेतु जुझे कॅश्केरु!”

“हजर,” तो बसक्या आवाजात म्हणाला, आणि हात पुढे धरून आतल्या अंधारात गेला.

ज्या बाईने दारावर चुन्याची फुली मारली होती तिचे नाव कुठल्याच यादीत कधी नव्हते, राजाच्या नाही, आमच्या नाही, या मेजरच्याही नाही. आणि इतक्या वर्षांत मला ते एकदाही सुचले नव्हते. ती उंबऱ्यापाशी उभी होती. दोन्ही हातांत टोपी धरून, मान लांब करून, तो कुठे अडखळत तर नाही ना, ते ती पाहत होती.